काटा म्हणतो 'सामान्य', टेप म्हणते वेगळंच : बीएमआय नेमका कसा वाचायचा?

गोदाकाठ

दिवाळीआधी आमच्या शाळेत शिक्षकांसाठी आरोग्य तपासणी शिबिर झालं. उंची, वजन, रक्तदाब, उपाशीपोटी साखर. शेवटी हातात एक चिठ्ठी. माझ्या चिठ्ठीवर उंची १५२ सेंमी, वजन ५२ किलो, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, हे सांगणारा आकडा) २२.५ आणि पुढे हिरव्या शाईत 'सामान्य'. माझ्यामागे आमच्या खेळाच्या बाई होत्या. त्यांचा बीएमआय २६.८, पुढे लाल शाईत 'अतिवजन'. दोघींचंही वय त्रेचाळीसच्या आसपास. त्या रोज सकाळी मुलांबरोबर मैदानाला पाच फेऱ्या मारतात. माझं चालणं म्हणजे स्टाफरूम ते वर्ग आणि बसस्टॉप ते घर.

स्टाफरूममध्ये सगळ्याजणी मला म्हणाल्या, "तुम्हाला काय बाई, कसलीच काळजी नाही." लहानपणापासून मी हेच ऐकत आले आणि खरंही मानत आले. पण साखर ११२ आली होती, म्हणून शिबिरातल्या डॉक्टर मॅडमनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करायला लावली. ती ६.२ निघाली. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. खेळाच्या बाईंची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं जागच्या जागी.

रिपोर्ट दाखवायला गेले तेव्हा मॅडमनी माझ्या पोटाला टेप लावली. ८४ सेंमी. "ताई, तुमच्या वजनात काही चूक नाही, ते बसलंय चुकीच्या जागी," असं त्या म्हणाल्या. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. माझी आईही अशीच होती. हातपाय बारीक, पोट पुढे, आणि पन्नाशीत साखर. तिला कुणी कधी जाड म्हटलं नाही, त्यामुळे कुणी वेळेवर तपासलंही नाही.

त्या दिवसापासून मी या आकड्यामागे लागले आहे. आकडेमोड सोपी आहे. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिला तिनंच गुणायचं आणि त्या उत्तरानं किलोतल्या वजनाला भागायचं. १.५२ गुणिले १.५२ म्हणजे २.३१. ५२ भागिले २.३१ म्हणजे २२.५. खरा गुंता पुढे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कोष्टकात १८.५ च्या खाली कमी वजन, १८.५ ते २४.९ सामान्य, २५ पासून अतिवजन, ३० पासून लठ्ठपणा. भारतीय डॉक्टरांनी २००९ मध्ये एकत्र बसून आपल्यासाठी जे ठरवलं त्यात २२.९ पर्यंतच सामान्य, २३ ते २४.९ अतिवजन आणि २५ पासूनच लठ्ठपणा. म्हणजे २४ बीएमआयचा माणूस एका चिठ्ठीवर हिरवा, दुसऱ्या चिठ्ठीवर नाही. आणि मी दोन्हीकडे हिरवी!

आपल्या बोलण्यातही या विषयाचा केवढा घोळ आहे. माहेरी गेलं की "तब्येत सुधारली हो" म्हणजे वजन वाढलं. "किती वाळलीस" म्हणजे सासरी काही बरं नाही. बाळसं, अंग धरणं, खात्यापित्या घरचा, हे सगळे कौतुकाचे शब्द. दुष्काळ पाहिलेल्या पिढ्यांनी ते घडवले, त्यांच्या जागी ते बरोबरच होते. पण आज त्याच शब्दांनी आपण एकमेकांची तब्येत मोजतो.

इथे जाणकार आहेत, म्हणून विचारते. आपली रेघ २३ वर का आणली? बीएमआय 'सामान्य' असूनही माझ्यासारख्या माणसाचं कसं बिघडतं? आणि घरच्या घरी काय मोजावं, म्हणजे आईच्या बाबतीत झालं ते पुढच्या कुणाच्या बाबतीत होणार नाही?

अनुस्वार

वैद्यकातलं मला कळत नाही, मी संख्याशास्त्र शिकवतो. पण या आकड्याचा जन्म माझ्या विषयातला आहे, म्हणून तेवढं सांगतो.

आदोल्फ केतले हा बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ आणि गणिती. १८३० च्या दशकात त्यानं माणसांची मापं गोळा करून 'सरासरी माणूस' शोधायला घेतला. माणूस लांबी, रुंदी, जाडी तिन्ही दिशांनी सारखा वाढत असता तर वजन उंचीच्या घनाप्रमाणे वाढलं असतं. प्रत्यक्षात उंच माणूस म्हणजे बुटक्या माणसाची मोठी केलेली प्रत नसते. प्रौढांमध्ये वजन साधारण उंचीच्या वर्गाप्रमाणे जातं, असं केतलेला दिसलं. वाढत्या वयातल्या मुलांत हे नातं वेगळं आहे, हेही त्यानं तेव्हाच नोंदवलं होतं. लठ्ठपणा किंवा आजार हा त्याचा विषयच नव्हता.

पुढे विमा कंपन्यांनी उंची-वजनाची आपापली कोष्टकं केली. 'उंचीतून शंभर वजा करा' हा आपल्याकडे अजून चालणारा हिशोबही जुनाच, ब्रोका या फ्रेंच डॉक्टरच्या नावानं ओळखला जाणारा. मग १९७२ मध्ये अॅन्सेल कीज आणि सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून जास्त पुरुषांवर वेगवेगळी सूत्रं ताडून पाहिली आणि केतलेच्या सूत्राला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं. ते पाच देश म्हणजे अमेरिका, फिनलंड, इटली, जपान आणि दक्षिण आफ्रिका. त्यात भारत नाही, आणि एकही स्त्री नाही. मोठ्या समूहाचा अभ्यास करायला सोपं साधन, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

ताई, माझ्या मते गोंधळ इथेच आहे. हजार माणसांचा सरासरी बीएमआय २१ वरून २५ झाला तर त्या गावात मधुमेह वाढणार, हे मी छातीठोकपणे सांगेन. पण त्या हजारातल्या तुम्हाला होणार की नाही, हे त्याच आकड्यावरून सांगणं म्हणजे वर्गाच्या सरासरी गुणांवरून एका मुलीचा निकाल लावण्यासारखं आहे.

रानवारा

मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. गोदाकाठताई, तुमच्यासारखे रुग्ण मला रोज भेटतात, म्हणून सविस्तर लिहितो.

'सामान्य बीएमआय, तरी साखर' या कोड्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण पुण्यातलंच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारीशेजारी फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय बरोब्बर २२.३. शरीरातल्या चरबीचं प्रमाण मात्र युडकिनांचं ९.१ टक्के आणि याज्ञिकांचं २१.२ टक्के. एक आकडा, दोन वेगळी शरीरं. आपल्या लोकांत त्याच वजनाला स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, तीही पोटाच्या आत.

याची सुरुवात जन्माआधीच होते. याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान होती: पोट, दंड, स्नायू. पण त्वचेखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. पावणेतीन किलोचं बारीकसं बाळ, आणि आतून चरबी राखून ठेवलेली. पुढे हेच मूल मोठं झालं, खुर्चीत बसायला लागलं, की पोट धरतं.

पोटातली चरबी वेगळी का? मांडीवरच्या, नितंबांवरच्या त्वचेखालची चरबी बरीचशी गुमान पडून राहते. आतड्यांभोवतीच्या चरबीतून स्निग्धाम्लं सुटून थेट यकृतात जातात. यकृतात चरबी साठते आणि ते इन्शुलिनचं ऐकेनासं होतं. दुसरीकडे जेवणानंतरची साखर सर्वांत जास्त ओढून घेतात ते स्नायू, आणि तेच आपल्याकडे थोडे. म्हणून २००४ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावध होण्याचे जादा टप्पे सुचवले. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच.

आता घरी काय मोजायचं. कंबर. पण पँट जिथे बांधतो ती कंबर नव्हे, साडीची निरी खोचतो तीही नव्हे. बाजूला हात लावून सगळ्यात खालची बरगडी शोधा. मग कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. दोन्हींच्या मधोमध टेप जमिनीला समांतर फिरवा. कपडे बाजूला सारून, उभं राहून, श्वास सहज सोडल्यावर मोजा. पोट आत ओढू नका, टेप रुतवू नका. दोनदा मोजा. आपल्याकडे पुरुषांत ९० सेंमी आणि स्त्रियांत ८० सेंमी ही धोक्याची रेघ मानतात. त्याहून सोपं हवं असेल तर कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी. तुमची उंची १५२, निम्मे ७६, कंबर ८४. तुमच्या चिठ्ठीवर हा एक आकडा जास्तीचा असता तर तिला हिरवी शाई लागली नसती.

लालमाती

डॉक्टरसाहेब, कोल्हापूरच्या तालमीतलं सांगतो. आमच्याकडं १७५ सेंमी उंचीचा, ९५ किलोचा पैलवान म्हणजे रोजचं दर्शन. हिशोब केला तर बीएमआय ३१. कोष्टकात लठ्ठ. त्यानं पहाटे चारला उठून हजार बैठका मारलेल्या असतात, त्याच्या मांडीला हात लावला तर दगड लागतो. एका पोराला नोकरीच्या तपासणीत या आकड्यावरून थांबवलं होतं, तेव्हा वस्ताद स्वतः गेले होते समजावायला.

पण दुसरी बाजू मला जास्त छळते, ती लिहितो. तिशीत कुस्ती सुटते. खुराक सुटत नाही. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण, सगळं तसंच. जोर-बैठका बंद. काट्यावर वजन ९५ च, बीएमआय ३१ च, घरचे म्हणतात पैलवान अजून तसाच आहे. तसा नसतो. मांडी गेलेली असते, दंड गेलेला असतो, आणि गेलेलं सगळं पोटावर येऊन बसलेलं असतं. माझ्या जोडीचे तीन मल्ल पंचेचाळिशीच्या आत साखर आणि बीपीच्या गोळ्यांवर गेले, एकाच्या हृदयात स्टेंट बसली. वीस वर्षं आकडा हलला नाही, माणूस आतून सगळा बदलला. तालमीत आम्ही आता कुस्ती सोडणाऱ्या पोरांना सांगतो, आखाडा सुटला तरी रोज शंभर बैठका सोडू नका, आणि खुराक निम्मा करा.

जाईजुई

लालमाती, हे अगदी माझ्या सासऱ्यांचं वर्णन आहे. ते पैलवान नव्हते, एसटीत ड्रायव्हर होते. पण "माझं वजन लग्नापासून तेवढंच आहे" हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

सडेतोड

मला एक गोष्ट खटकते. रेघ २५ वरून २३ वर आणली की एका रात्रीत कोट्यवधी धडधाकट माणसं 'अतिवजन' होतात. अमेरिकेतही १९९८ मध्ये हेच झालं. पुरुषांची २७.८ आणि स्त्रियांची २७.३ ही रेघ एकदम २५ वर आणली गेली. मग तपासण्या, औषधं, आता वजन उतरवायची महागडी इंजेक्शनं. रेघ ओढणाऱ्यांना रेघेतून काय मिळतं, हे विचारायला नको का? माझ्या घरात बाविशीतली मुलगी २३.४ बीएमआयमुळे जेवण सोडून बसली होती. तो राग अजून माझ्या मनात आहे.

रानवारा

सडेतोड, तुमच्या मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं, आणि तुमचा प्रश्न रास्त आहे. २३ ही आजाराची रेघ नाही. 'याची साखर आणि कंबर एकदा बघा' असं डॉक्टरला सांगणारी ती रेघ आहे. बाविशीतल्या मुलीला २३.४ ला उपास नव्हे, कंबरेची एक टेप आणि फार तर रक्ताची एक तपासणी हवी होती. सगळं ठीक निघालं की विषय संपला.

जानेवारी २०२५ मध्ये या दिशेनं दोन गोष्टी झाल्या. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या आयोगानं 'लॅन्सेट'च्या माध्यमातून मांडलं की नुसत्या बीएमआयवरून लठ्ठपणाचं निदान करू नये. चरबी खरंच जास्त आहे का, हे कंबरेसारख्या दुसऱ्या मापानं पडताळावं, आणि अवयवांवर परिणाम झाला असेल तरच त्याला आजार म्हणावं. त्याच महिन्यात भारतीय डॉक्टरांनीही जुनी व्याख्या बदलून दोन पायऱ्या केल्या. पहिलीत २३ च्या वर बीएमआय, पण शरीराच्या कामावर परिणाम नाही. दुसरीत पोटाचा घेर वाढलेला आणि सोबत त्रास किंवा आजार. म्हणजे आमच्या व्यवसायानंही ऐकायला सुरुवात केली आहे. तरी अनेक दवाखान्यांत भिंतीवर जुनं रंगीत कोष्टकच आहे, हे मी मान्य करतो.

सांजवेळ

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते. माझं वजन ९६ किलो, उंची १६०. बीएमआय ३७.५. तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. माझे गुडघे मला रोज सांगतात.

पण दोन वर्षांपूर्वी मला जिना चढताना धाप लागायची, चक्कर यायची. ज्या दवाखान्यात गेले तिथे काट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "आधी वीस किलो कमी करा, मग बोलू." नाडीसुद्धा नीट पाहिली नाही. मी जेवण निम्मं केलं. धाप वाढली. आठ महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली आणि रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ७.१. गर्भाशयात गाठी होत्या, दर महिन्याला अंगावरून अतोनात जायचं, आणि ते मला कुणी विचारलंच नव्हतं. शस्त्रक्रिया झाली, लोह मिळालं, धाप गेली. वजन तेव्हाही ९६ च होतं.

त्या आठ महिन्यांचा हिशोब कुणाकडे मागायचा? माझ्यासारख्या बायकांना विनंती आहे. 'वजन कमी करा' हे ऐकून उठू नका. विचारा, "माझं वजन साठ किलो असतं तर तुम्ही कोणती तपासणी केली असती? ती आज करा."

रानवारा

सांजवेळताई, शेवटचं वाक्य मी माझ्या ओपीडीतल्या ज्युनिअर डॉक्टरांना वाचून दाखवलं.

लेस्टरकर

इंग्लंडहून. इथल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हेच टप्पे आहेत. मी पहिल्यांदा दवाखान्यात गेलो तेव्हा नर्सनं फॉर्मवर मी कुठल्या वंशाचा ते पाहून वेगळा तक्ता काढला. आधी मनाला लागलं, आम्हाला वेगळं का मोजता म्हणून. नंतर शेजारच्या गोऱ्या मित्राचा २८ आणि माझा २४, आणि गोळ्या मात्र मला, हे पाहिल्यावर समजलं. २०२२ पासून इथेही कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत ठेवा असंच सांगतात.

जाईजुई

डॉक्टर, एक विचारू का? मुलगी अकरा वर्षांची आहे. शाळेच्या कार्डावर बीएमआय २०.१ लिहून पुढे 'सामान्य' आहे. पण वरचं अनुस्वार यांचं वाचून शंका आली. मुलांना हेच कोष्टक चालतं का?

रानवारा

चालत नाही, आणि विचारलंत ते बरं झालं. मुलांचा बीएमआय वयाप्रमाणे आधी उतरतो, मग चढतो, आणि मुलगा-मुलगी वेगळे. त्यामुळे १८.५ आणि २३ विसरा. पाच ते अठरा वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे वाढीचे तक्ते आहेत. त्यात वयासमोर बिंदू टाकून तो कोणत्या रेषेवर पडतो ते बघतात. मोठेपणी २३ आणि २७ ला जाऊन मिळणाऱ्या रेषा त्यावर आखलेल्याच आहेत. अकराव्या वर्षी २०.१ हा आकडा त्या पहिल्या रेषेच्या आसपास येतो, म्हणून कार्डावरच्या शब्दावर न थांबता बालरोगतज्ज्ञांकडून तक्त्यावर बिंदू टाकून घ्या. मागच्या दोन-तीन वर्षांच्या नोंदी न्या, एका बिंदूपेक्षा रेघ कुठे चालली आहे ते महत्त्वाचं.

आणि मुलीसमोर 'जाड', 'डाएट' हे शब्द नकोत. ती उंच होण्याच्या वयात आहे. बहुतेकदा वजन आहे तिथे राहिलं तरी उंची वाढून हिशोब जुळतो. संध्याकाळी तासभर खेळू द्या, डब्यात बिस्किटांऐवजी पोळीभाजी, उसळ, शेंगदाणे. घरातल्या सगळ्यांनी तेच खायचं, तिला एकटीला वेगळं ताट नको.

पायवाट

मी नंदुरबार जिल्ह्यात अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका आहे. इथली चर्चा मनापासून आवडली, पण वाचताना सारखं वाटत होतं की कोष्टकाचं खालचं टोक कुणीच धरत नाहीये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के २५ च्या वर होत्या आणि १८.७ टक्के १८.५ च्या खाली. एकाच देशात, कधी एकाच तालुक्यात. तळोद्याच्या बाजारपेठेत वजन उतरवायची पावडर मिळते. तिथून दोन तास वर डोंगरात गेलं की पाड्यावर चाळीस किलोची गरोदर बाई उभी असते. तिच्यासाठी 'सामान्य वजन' म्हणजे आधी पोटभर आणि मग डाळ, अंडं, तेल.

दिवाळीनंतर अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातकडे जातो. उन्हाळ्यात परतलेल्या बायकांना काट्यावर घेतलं की तीन-चार किलो गेलेले असतात. वजन उतरलं याचं अभिनंदन करायची पद्धत शहरात आहे, आमच्याकडे ते पाहून पोटात गोळा येतो. लहान मुलांसाठी आम्ही दंडाला रंगीत पट्टी लावतो. ११.५ सेंमीच्या खाली गेली की लाल, आणि मूल तीव्र कुपोषित. साधी पट्टी, पण तिनं जीव वाचलेत, मी डोळ्यांनी पाहिलंय.

डॉक्टरांनी वर २.७ किलोच्या बाळाचं लिहिलंय. ते बाळ बारीक जन्मलं कारण त्याची आई अर्धपोटी होती. गोदाकाठताईंच्या ८४ सेंमीची गोष्ट आणि आमच्या पाड्यावरच्या आईची गोष्ट मला एकच वाटते. मुलींना बारा-तेराव्या वर्षापासून नीट खाऊ घातलं नाही, तर तीस वर्षांनी त्यांची लेकरं साखरेच्या रांगेत उभी राहणार.

गोदाकाठ

पायवाटताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझी आई १९४९ ची, जन्म सिन्नरच्या कोरडवाहू पट्ट्यातला. तिची आई बाळंतपणात काय खात असेल, हा विचार मी आजवर केलाच नव्हता.

अजिंक्यतारा

वय ७१. तरुणपणी उंची १६८ होती, परवा मोजली तर १६४ भरली. वजन ६२ किलो, पूर्वीइतकंच. म्हणजे बीएमआय काही न करता २२ वरून २३ झाला. मुलगा म्हणतो, बाबा, दोन किलो कमी करा. करावेत का?

रानवारा

काका, नका करू. मणक्यांच्या चकत्या दबून उंची उतरली, चरबी वाढली म्हणून आकडा चढलेला नाही. सत्तरीनंतर मला काळजी असते ती नकळत वजन घटण्याची, कारण त्यात स्नायू जातात. खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठता येतं का, ते बघा. जड वाटत असेल तर रोज तोच व्यायाम करा, आणि रात्रीच्या जेवणात नुसता वरणभात न घेता दह्याची वाटी किंवा मुगाची उसळ जोडा. चार सेंमी उंची गेली आहे, तेव्हा हाडांची घनता मात्र एकदा तपासून घ्या.

गोदाकाठ

धागा सुरू करून चार महिने होत आले, म्हणून काय केलं ते लिहिते.

रानवारा यांनी मला व्यक्तिगत निरोपात चेन्नईच्या एका अभ्यासाबद्दल लिहिलं होतं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांना खाण्यात बदल आणि चालणं एवढंच दिलं, तर तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झालं, आणि त्यांचं वजन फारसं उतरलंही नव्हतं. हे वाचून मला केवढा धीर आला! कारण मला वजन उतरवायचंच नव्हतं. ५२ मधले चार किलो गेले असते तर अंगात काय राहिलं असतं?

खेळाच्या बाईंना धरलं. त्यांनी मला मैदानावर पळवलं नाही. मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून जोर, खुर्चीवरून उठाबशा, दोन बाटल्यांत वाळू भरून दंडाचे व्यायाम. आठवड्यातून चार दिवस. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं, बसस्टॉप एक अलीकडचा. ताटात भात निम्मा, उसळ दुप्पट. चतुर्थीला साबुदाणा खिचडी होती, तिथे आता राजगिरा आणि दही. चहातली साखर सुटायला मात्र दीड महिना लागला.

परवा तपासलं. वजन ५१, बीएमआय २२.१. त्या आकड्यावरून कुणाला काही कळणार नाही. कंबर ८१. सरासरी साखर ५.९. कंबरेचं ७६ अजून दूर आहे. शाळेतल्या पुढच्या शिबिरात उंची-वजनाच्या शेजारी कंबरेचा रकाना टाकायला मुख्याध्यापक तयार झालेत. मोजायला मी आणि खेळाच्या बाई उभ्या राहणार आहोत, पडदा लावून, म्हणजे कुणाला संकोच वाटणार नाही.

सांजवेळ

ताई, तो पडदा लावणार आहात ना, त्यासाठी खास धन्यवाद. शिबिरात वजन मोठ्यानं पुकारतात म्हणून मी सात वर्षं शिबिराला गेले नाही.

लालमाती

एक बारकी गोष्ट. घरातली शिवणकामाची जुनी टेप वापरू नका. कापडी टेप वापरून ताणते, आमच्या तालमीतली दीड सेंमी जास्त लांब निघाली होती. लोखंडी पट्टीला लावून आधी तपासा, नाहीतर कंबर कमी झाल्याचा खोटा आनंद होतो.

गोदाकाठ

आत्ताच लावून पाहिली. माझी पाऊण सेंमीनं लांब आहे. म्हणजे ८१ च्या जागी सव्वाऐंशी नाही, उलट ८१ हून जास्त धरायला हवं ना?

अनुस्वार

पट्टीवर किती अंतराला पाऊण सेंमी फरक पडला, त्यावर आहे. टेप ताणली गेली असेल तर ती खरं माप कमी दाखवते. तीस सेंमीला पाऊण असेल तर ८१ ला जवळजवळ दोन सेंमी होतात, म्हणजे खरी कंबर ८३ धरा. पूर्ण टेपभर मिळून पाऊण असेल तर अर्ध्या सेंमीचाच फरक. पहिलं ८४ याच टेपनं मोजलं होतं का?

गोदाकाठ

नाही, ते मॅडमच्या टेपनं. फरक पूर्ण दीड मीटरला मिळून आहे. म्हणजे साडेएक्क्याऐंशी. नवीन टेप आणून सोमवारी पुन्हा मोजते आणि इथे लिहिते.